भोपळ्यांची खोली

भोपळा उचलायला द्रौपदीनं खाली वाकून दोन्ही हात घातले आणि तो तिच्या छातीवरच फुटला.

वरून चांगला टणक दिसत होता, आतून पार पाणी झालं होतं. आंबूस, तार सुटलेलं ते पाणी ब्लाउजमधून पोटावर उतरलं. त्याबरोबर बिया उतरल्या आणि बियांबरोबर बारीक पांढऱ्या अळ्या. ओरडावं तर घाण तोंडात जायची, म्हणून ती दात आवळून उभी राहिली. मग तशीच बाहेर हापशावर गेली. जानेवारीतलं लखनौचं धुकं होतं, अंगणापलीकडची आमराई गिळून बसलेलं. हापशाचं पाणी कोमट लागलं तेवढं बरं, पण ओल्या साडीला वारा लागताच ती लटलटा कापायला लागली.

"मम्मी, ऐसे अंदर मत आना," रूपाली नाकाला ओढणी लावून दारातून म्हणाली.

"मग काय इथंच मरू?"

"मैंने कब बोला मरो? पहले साबुन लगाओ. पीठ पे कीड़ा चिपका है."

"काढ की मग."

रूपालीनं नुसतं तोंड वाकडं केलं आणि साबणाची वडी लांबूनच फेकली. वडी मातीत पडली. द्रौपदीनं ती उचलून धुतली आणि पोरीला दोन शिव्या हासडल्या. त्या शिव्या मराठीत होत्या. रूपालीला मराठी सगळी कळायची, बोलायची मात्र वेळ आली की जीभ हिंदीतच वळायची.

दोन हजार आठ साल लागलं होतं. द्रौपदीचा नवरा रावसाहेब खिल्लारे हिंगोलीकडचा. सरकारी फळसंशोधन केंद्रात फील्ड असिस्टंट म्हणून त्याची निम्मी हयात इकडं गेली. बख्शी का तालाबच्या पुढं, एअरफोर्सच्या भिंतीमागं केंद्राची दोन खोल्यांची क्वार्टर होती आणि तिला लागूनच हरिहर नावाच्या बागवाल्याची आमराई. क्वार्टरशेजारची खत ठेवायची कोठी दसऱ्यापासून भोपळ्यांची खोली झाली होती. आत लाकडी पिंजरे, पिंजऱ्यांना मलमल, मलमलीआड लाल भोपळे. त्या भोपळ्यांवर मुद्दाम पिठ्या ढेकूण, म्हणजे रस पिणारी पांढरी पिठाळ कीड, सोडायचे. भोपळा पांढराफटक झाला, त्यावरून चिकटा गळायला लागला, की मग त्यांना खाणारे भुंगेरे सोडायचे. डाळिंबाच्या दाण्याएवढे, काळे, तांबड्या डोक्याचे. ते तिथं अंडी घालणार, पिल्लं काढणार, वाढणार. म्हणजे आधी घाण पोसायची, मग घाण खाणारे पोसायचे, आणि दोघांचं खरकटं द्रौपदीनं काढायचं. रोजंदारीवर तिलाच ठेवलं होतं, कारण दुसरी कुठली बाई त्या खोलीत एका दिवसावर टिकली नव्हती.

ही सगळी उठाठेव डॉक्टर चंद्रहास साहेबांची. ते महाराष्ट्रातून बदलून आले होते. तिकडं द्राक्षांवर आणि सीताफळांवर याच भुंगेऱ्यांनी पिठ्या ढेकणाचा फडशा पाडला होता, त्यावर साहेबांचं नाव झालं होतं. इकडं आंब्यावर तसलीच एक कीड येते. थंडीत मातीतून निघते, खोडावरून वर चढते आणि मोहराचा रस पिते. लोक तिला गुजिया म्हणतात. तिकडं जमलं ते इकडं का जमू नये, असं साहेबांचं म्हणणं. साहेब पहिल्या दिवशी क्वार्टरवर आले आणि म्हणाले, "रावसाहेब, तुम्ही आपली माणसं. इथल्या लोकांवर माझा भरवसा नाही." बस्स. इतकी वर्षं हाताखालच्या माणसाला 'ए मराठा' म्हणून हाक मारणारे साहेब बघितलेला रावसाहेब त्या एका वाक्यावर विकला गेला. त्यानंतर साहेबांनी काहीही म्हणावं, हा आपला "हो साहेब" म्हणून मोकळा.

द्रौपदीनं त्या दिवशी चहा केला होता. साहेब म्हणाले, आत्ताच झाला. पुढच्या खेपेला पाणी दिलं, तर त्यांनी गाडीतली बाटली काढली. पुढं तिनं विचारणंच सोडलं. रावसाहेब म्हणायचा, "अगं, त्या खोलीच्या वासानं त्यांच्या घशाखाली उतरत नसंल." द्रौपदी म्हणायची, "मग वासाचं तरी नाव घ्यावं की त्यांनी तोंडानं."

थंडी हटेना. पिंजऱ्यातले भुंगेरे कोपऱ्यात गोळा होऊन बधिर बसायचे, चिमटीत धरून हलवले तरी पाय हलवायचे नाहीत. ढेकूण मात्र मजेत होते. साहेब फोनवर म्हणाले, खोली गरम ठेवा. मग बोरसीत, म्हणजे मातीच्या शेगडीत, कोळसे पेटवून ती मधोमध ठेवायची, धूर झाला की बाहेर काढायची, पुन्हा ठेवायची, हा दिवसभराचा खेळ झाला. कोळशानं भोपळे आणखी लवकर पिचायला लागले. शेवटी द्रौपदीनं थोडे भुंगेरे काचेच्या बरण्यांत भरले, बरण्यांना फडकं बांधलं आणि रात्री रजईत घेतल्या.

"मी कुठं झोपू?" रावसाहेबानं विचारलं.

"पिंजऱ्यात."

एका सकाळी फडकं सुटलेलं निघालं. उशीवर, केसांत, कानाच्या पाळीमागं भुंगेरे फिरत होते. दाबला की त्यांच्यातून पिवळं पाणी निघायचं, कडवट वासाचं. द्रौपदीनं एकेक वेचून बरणीत घातला आणि मग परसात जाऊन ओकली. रूपाली अलीगंजला बी.ए.च्या वर्गाला जायची. टेम्पोत शेजारच्या बाईनं तिचा वास घेतला आणि पदर सावरून लांब सरकली, म्हणून त्या दिवशी ती अर्ध्या वाटेतून परत आली होती. घरात पाऊल टाकताच तिनं दप्तर भिंतीवर आपटलं.

"पूरे घर से बदबू आती है! लोग क्या समझते होंगे हमको?"

 लोक काय समजतात ते द्रौपदीला लेकीपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून तर तिचं घर आरशासारखं असायचं. गावाकडं असताना सासू म्हणायची, आपल्या घरात कुणी येऊन नाक मुरडायची सोय ठेवायची नाही. चौदा एप्रिलच्या आधी भांडंन्भांडं अंगणात निघायचं, भिंतींना चुना लागायचा, उंबरे घासले जायचे. लखनौत येऊनही तो नेम तिनं कधी मोडला नव्हता. आणि आता तिच्याच परसात सरकारनं उकिरडा मांडला होता आणि ती त्याची राखणदार होती.

हरिहर या गोष्टीत आला तो रावसाहेबामुळं. चाळिशीचा माणूस, कपाळावर कायम आठी, घर सगळं दशहरी आंब्यावर चाललेलं. फेब्रुवारी-मार्चात तो गुजियावर औषध मारायचाच. साहेबांना त्याच्या बागेतली चिंचेच्या बाजूची झाडं हवी होती आणि अट एकच, औषधाचा थेंब पडता कामा नये. हरिहरनं साहेबांसमोर नुसती मान हलवली. साहेब गेल्यावर रावसाहेबाला म्हणाला, "वहाँ की हवा वहाँ, यहाँ की यहाँ. यहाँ फरवरी तक ठंड है, और अप्रैल में लू. बीच में बचा क्या? ये आपके कीड़े खाएँगे कब?"

"खायेंगे हरिहर भैया. मेरी घरवाली पाल रही है, खुद के बच्चे जैसा."

"साल भर हम यही खाते हैं, रावसाहब. बाग गई तो हम गए." मग म्हणाला, "आप कहते हो तो ठीक है. डॉक्टर साहब के कहने से नहीं मानते हम."

रावसाहेबानं छातीवर हात ठेवला. द्रौपदी भिंतीआडून ऐकत होती. हे माणूस आपला शब्द कुणासाठी खर्ची घालतंय, असं तिच्या मनात आलं आणि तिला त्याचा राग आला.

मार्चात ऊन पडलं, मोहर फुटला आणि भुंगेरे सोडायची वेळ आली. द्रौपदीनं जुनं गोणपाट फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि खोडांना, खालच्या फांद्यांना सैल बांधल्या, म्हणजे किड्यांना लपायला सावली होईल. रोज सकाळी ती बरण्या घेऊन जायची आणि झाडाझाडावर हलकेच पालथ्या करायची. पायाखाली सगळा चिकटा. गुजिया वरून मधासारखं काहीतरी गाळते, ते पानांवर सांडतं, त्यावर काळी बुरशी धरते. चप्पल चिकटायची, हात चिकटायचे, घाम पुसला की कपाळ काळं व्हायचं.

पंधरवड्यानं गोणपाटाखाली पिल्लं दिसायला लागली. भुंगेरा काळा, पण त्याचं पिल्लू पांढरं, लांबट, अंगावर कापसाच्या झिरमिळ्या. हुबेहूब ढेकूणच. रावसाहेबानं भिंग देऊन हरिहरला दाखवलं.

"ये गुजिया नहीं है?"

"ये उसको खाने वाला है. पास से देखो."

हरिहर बराच वेळ डोळा लावून बसला. "चोर-सिपाही एक ही वर्दी में," तो म्हणाला, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच हसला.

द्रौपदीनंही भिंगातून बघितलं. पिल्लानं गुजियाच्या पोटात तोंड खुपसलं होतं आणि ते सावकाश ओढत होतं. गुजियाचं अंग आत आत जाऊन नुसतं सालपट उरलं, तसं पिल्लू पुढच्याकडं वळलं.  ती तिथून हलली नाही, कारण ती पोरं तिची होती आणि ती जेवत होती. खालच्या फांद्यांवरची गुजिया खरोखरच कमी होत चालली होती. वरच्या मोहरात अजून लगडलेली होती, पण पिल्लं हळूहळू वर सरकायला लागली होती. हरिहर रोज संध्याकाळी येऊन बघायचा आणि जाताना म्हणायचा, "चढ़ रहे हैं, भाभी." त्याच्या भरवशावर शेजारच्या दोघा बागवाल्यांनीही औषध मारायचं थांबवलं.

एप्रिल उजाडला तशी साहेबांची घाई सुरू झाली. दिल्लीचे मोठे साहेब कुटुंबासह बाग बघायला यायचे होते. चंद्रहास साहेबांना झाडावर भुंगेरे भरपूर दिसायला हवे होते, म्हणून त्यांनी महाराष्ट्रातून विमानानं एक खोकं मागवलं. ते आणायला रावसाहेबानं अमौसीला जायचं ठरलं. किडे हाताळायला द्रौपदी बरोबर. सकाळी निघालेली दोघं विमानतळाच्या मालधक्क्यावर दुपार टळेपर्यंत उन्हात बसून राहिली. खोकं हातात आलं तेव्हा निम्मं मेलेलं होतं. आतून मेलेल्या किड्यांचा आंबट वास येत होता. रावसाहेबानं गमछा भिजवून त्यावर धरला आणि दोघं तीन ठिकाणी टेम्पो बदलत घरी निघाली.

क्वार्टरच्या वळणावर आल्यावर द्रौपदीला आधी धुराचा वास आला. मग झाडं दिसली. चिंचेच्या बाजूच्या सगळ्या आंब्यांची खोडं पांढरीशुभ्र होती. चुना मारलेला, त्यावर गेरूचा पट्टा ओढलेला, कलेक्टर येणार असल्यासारखा. खाली पालापाचोळ्याचं पानही नव्हतं. आणि एकाही खोडावर गोणपाट नव्हतं. हरिहर भावाला घेऊन दिवसभर लग्नाला गेलेला होता, अडवायला कुणी नव्हतं.

रूपाली अंगणात उभी होती. केसांना फडकं, हातावर चुन्याचे ओघळ, बोटांना फोड आलेले. असलं काम तिनं जन्मात केलं नव्हतं. चेहरा मात्र फुलला होता.

"देखो मम्मी! गाँव से चार औरतें बुलाईं. झाड़ू से रगड़ा, मिट्टी का तेल मारा, फिर चूना. एक सफेद कीड़ा नहीं छोड़ा. सब जला दिया."

द्रौपदी तिथंच मातीत बसली.

"गोणपाट कुठंय?"

"वो गंदे बोरे? उसी में तो सबसे ज़्यादा थे. छी! सबसे पहले वही जलाए." आणि मग तिच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाही. "क्या हुआ? डॉक्टर साहब का फोन आया था. पापा का मोबाइल घर पे रह गया था ना. बोले, बाग एकदम साफ चाहिए, कहीं सफेद कीड़ा नहीं दिखना चाहिए, दिल्ली वाली मैडम को घिन आती है."

"अगं, ती आपली होती!" द्रौपदी ओरडली. "खाणारी होती ती! ढेकणासारखीच दिसतात."

"मुझे किसने बताया?" रूपालीचा आवाज चिरकला. "कभी बताया किसी ने?"

कुणी सांगितलं नव्हतं हे खरं. तिनं कधी खोलीत पाऊल टाकलं नव्हतं आणि यांनी कधी बोलावलं नव्हतं. पोरीला किळस येते, तर तिला त्यात कशाला ओढायचं, एवढाच विचार केला होता. द्रौपदी उठली आणि पहिल्या झाडाखाली जाऊन वर बघायला लागली. वरच्या डहाळ्यांवर, वाटाण्याएवढ्या कैऱ्यांच्या देठांभोवती गुजिया तशीच लगडलेली होती, फुगीर, पांढरी, एकमेकींवर चढलेली. तिथपर्यंत झाडू पोचला नव्हता. पिल्लंही अजून तिथपर्यंत पोचली नव्हती. होती ती सगळी राखेत गेली होती.

रावसाहेबानं साहेबांना फोन लावला. तो बोलत होता तोवर द्रौपदी त्याच्या तोंडाकडं बघत होती. "हो साहेब. नाही साहेब. पोरीची चूक झाली साहेब."  मग पुन्हा, "हो साहेब."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी असं काही बोललोच नाही. समोरची बाजू नीट ठेवा एवढंच म्हणालो." त्यानं मोबाइल खिशात घातला. "म्हणाले, घाबरू नका. खोक्यातले जिवंत आहेत ते सकाळी पाहुणे यायच्या आधी पुढच्या झाडांवर सोडा. पाहुण्यांना दिसले की झालं. खोलीत किती खाल्ले त्याची नोंद आहेच, बागेतलं ते मनानं लिहून घेतील."

"आणि हरिहर?"

"त्याला मागाहून सांगू म्हणाले."

"मागाहून कधी? कैऱ्या गळून पडल्यावर? आत्ता औषध मारलं तर अर्धं तरी वाचंल त्याचं."

"औषध मारलं तर भुंगेरे मरतील, पाहुण्यांना काय दाखवायचं? डोकं आहे का तुला?"

"तुम्ही शब्द दिलाय त्याला."

"साहेबांना पण दिलाय," रावसाहेब म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

त्या घरात त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. रूपाली भिंतीकडं तोंड करून पडली होती. द्रौपदी तिच्या फोड आलेल्या बोटांना खोबरेल लावत बसली आणि पोरीनं हात ओढून घेतला नाही.

सकाळी आमराईत शामियाना लागला. पांढऱ्या चादरीची टेबलं, पुऱ्या, आलू की सब्जी, थंड पाण्याच्या बाटल्या. द्रौपदीनं सांगितल्याप्रमाणं पुढच्या झाडांवर भुंगेरे सोडले. अर्धमेले, उन्हानं भंजाळलेले. पानावर ठेवला की घसरून खाली पडायचा, पुन्हा उचलून ठेवायचा. पाहुणे यायच्या आधी पडू नयेत म्हणून रावसाहेबानं पानाला साखरेचं पाणी पुसलं. आपला नवरा बोट बुडवून बुडवून पान माखतोय हे बघताना द्रौपदीला भोपळ्याच्या खोलीत कधी आली नव्हती तेवढी शिसारी आली.

गाड्या आल्या. दिल्लीचे साहेब जाड, घामेजलेले. त्यांची बायको नाकाशी अत्तराचा रुमाल धरून खुर्चीच्या टोकावर बसली. चंद्रहास साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात झाडाझाडापाशी थांबत होते. परभक्षी कीटक एका हवामानात किती खातो, दुसऱ्या हवामानात किती, बागेत काय करतो, वेलीवर काय करतो, हे त्यांनी इतकं छान समजावलं की द्रौपदीलाही क्षणभर खरं वाटलं. पानावर भुंगेरा होता. फोटो निघाले. टाळ्या पडल्या.

"सर, और इनको पालने वाली ये हमारी मराठी भगिनी," चंद्रहास साहेब हिंदीत सांगायला लागले आणि त्यांनी द्रौपदीला पुढं बोलावलं. दिल्लीच्या बाईंनी हात पुढं करायचा विचार केला, मग मागं घेतला. "कितनी हिम्मत चाहिए ना इसके लिए," त्या रुमालातून म्हणाल्या. "हमसे तो देखा भी न जाए."

तेवढ्यात हरिहर पुढं झाला. धुतलेला कुर्ता घालून, हात जोडून. चुना पाहुण्यांसाठी मारला आणि पिल्लं वर चढली म्हणून गोणपाट काढलं, असंच तो समजून होता. एवढ्या मोठ्या माणसांपुढं बोलायची त्याला सवय नव्हती, शब्द अडखळत होते.

"साहब, हमको तो भरोसा नहीं था. ये भाभी रोज़ धूप में आईं, एक-एक पेड़ पर. हमारे यहाँ की औरतें न करें. इनके भरोसे हमने दवा नहीं मारी. हम सबको बोल दिए हैं, अगले साल कोई नहीं मारेगा." आणि तो वळून द्रौपदीसमोर वाकला, चक्क पाया पडायला निघाल्यासारखा.

द्रौपदी मागं सरकली. 

"हरिहर भैया, नको," ती म्हणाली. मग हिंदीत, जशी येईल तशी, मोठ्यानं: "दवा मार दो. आज ही, अभी. पेड़ पर कुछ नहीं बचा. खाने वाले सब कल जल गए. ये जो दिखता है ना, ये सुबह डिब्बे में से निकाल के हमने रखा है. शक्कर का पानी लगा के."

शामियान्यात वाढप्याच्या हातातल्या झाऱ्यावरून तेल टपकल्याचा आवाज ऐकू आला.

चंद्रहास साहेब हसले. ते हसू तोंडावर तसंच ठेवून ते मराठीत हळू म्हणाले, "द्रौपदीबाई, काय बोलताय हे? आपली माणसं ना तुम्ही?"

"पाणी कधी पिलात आपल्या माणसाच्या हातचं?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ते रावसाहेबाकडं वळले. "रावसाहेब, यांना उन्हाचा त्रास झालेला दिसतोय. घरी न्या."

हरिहर कुणाकडंच बघत नव्हता. तो झाडापाशी गेला, चुना लावलेल्या खोडावर हात टेकून त्यानं वरच्या डहाळीकडं बघितलं, बराच वेळ. "किसने जलाया?" त्यानं विचारलं.

रूपाली मागं उभी होती. द्रौपदीनं तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. "हमारे घर से हुआ," ती म्हणाली. "अनजाने में हुआ. पर कल शाम से मालूम था, और तुमको नहीं बोला. वो अनजाने में नहीं."

हरिहरच्या तोंडावर जे आलं ते द्रौपदीनं आयुष्यात पुष्कळांच्या तोंडावर बघितलं होतं. पण आजवर कधी ते तिनं स्वतः कमावलेलं नव्हतं. तो खाली थुंकला. मग बांधाकडं चालू लागला आणि भावाला हाका मारत सुटला. थोड्या वेळात ट्रॅक्टरवरचं फवारणीचं मशीन धडधडत बागेत शिरलं आणि शामियान्याच्या दोरीला घासून थांबलं. औषध ड्रममध्ये ओतलं गेलं. तो वास, डोळ्यांत आणि दातांत शिरणारा, पुऱ्यांच्या वासावर पसरला.

"अरे, पहले हमको निकलने तो दो!" दिल्लीचे साहेब ओरडले.

हरिहरनं मशीन चालू केलं. पहिला फवारा चिंचेच्या बाजूच्या शेंड्यांवर गेला आणि वाऱ्यानं त्याचा धूर शामियान्यावर आणला. खुर्च्या पडल्या. बाई रुमाल तोंडावर दाबून गाडीकडं पळाल्या, त्यांच्यामागं साहेब, त्यांच्यामागं नाकावर हात धरून बाकीचे. पानांवरून भुंगेरे टपटप गळायला लागले, पांढऱ्या चादरीवर, भाजीत, पाण्याच्या ग्लासात. उलथे पडून पाय हलवत होते. त्यांना रजईत घेऊन झोपणाऱ्या द्रौपदीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. हरिहरचा भाऊ एकटाच लांबलचक पाइप ओढत होता, पाइप झाडांत अडकत होता. ती पुढं गेली आणि तिनं मधला भाग खांद्यावर घेतला. हरिहर "रहने दो" म्हणाला नाही, "आओ" म्हणालाही नाही. औषध तिच्या पदरावरून हातावर ओघळत होतं आणि चरचरत होतं.

गाड्यांपाशी रावसाहेब चंद्रहास साहेबांसाठी दार उघडून उभा होता. साहेब बसले. रावसाहेबानं बागेकडं बघितलं. मग त्यानं दार लावलं, पुढं जाऊन ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं आणि आत बसला.

रूपाली धावत आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, औषधानं की कशानं कोण जाणे. केसांत दोन-तीन भुंगेरे अडकलेले होते आणि तिनं ते झटकले नाहीत.

"मम्मी, पापा?"

"गेले," द्रौपदी म्हणाली. "तू पाइप धर."